तंबाखू लागली

रायमेच्या तोंडाला लागण्यापेक्षा आग्यामोहोळाला दगड मारावा, असं तिचा नवरा युमेरच म्हणायचा, आणि म्हणून झालं की ती आसपास नाही ना हे बघून घ्यायचा. पण कामाला बाई खमकी. तंबाखूचा खुडा सुरू झाला की उजाडायच्या आधी डोंगराच्या उतारावर पहिला दिवा हलायचा तो तिच्याच कपाळावरचा. पान दव आहे तोवरच खुडायचं. ऊन चढलं की पान लोळतं, मग हाताला काही लागत नाही.

त्या जुलैत तिच्या शेजारच्या सरीत तिची सून शेफिका वाकलेली होती. पोरगी खालच्या खोऱ्यातली, मेस्ता नदीच्या काठची. तिच्या माहेरी बटाटा आणि घेवडा. लग्नाआधी तंबाखूचं पान तिनं हातात धरलं नव्हतं. तरी मान खाली घालून खुडत होती बिचारी, बुंध्याकडची लहान पानं अंगठ्यानं मोडून डाव्या काखेत रचत होती. हात कोपरापर्यंत चिकाने काळे झाले होते. मधेच ती सरीतून उठली, बांधापर्यंत गेली आणि गुडघ्यांवर बसून ओकली.

"लागली!" मान न वळवता रायमे ओरडली. "बटाट्याच्या राणीला तंबाखू लागली!"

पलीकडच्या शेतातल्या बायका खिदळल्या. त्यातली एक म्हणाली, "असू दे गं रायमे. नवी आहे, होईल सवय."

"नवी कुठली! दुसरा हंगाम आहे हिचा. आमच्या शेळीला एका हंगामात सवय झाली."

पुन्हा हसू झालं. शेफिकानं तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. त्या डोंगरात खुड्यात ओकण्याचं कुणाला काही वाटत नसे. ओल्या पानांचा चीक कातडीतून आत मुरतो, डोकं गरगरतं, पोट ढवळतं. पोरंटोरं ओकतात, बाप्ये ओकतात. सावलीत पडायचं, लसूण घातलेलं आंबट ताक प्यायचं आणि पुन्हा सरी धरायची.

ऊन डोक्यावर आल्यावर सगळी शेडखाली पानं ओवायला बसली. लांब चपट्या सुईवर पानं घ्यायची आणि दोऱ्यावर सरकवायची. रायमेनं ताकाचा तांब्या पुढे केला. शेफिकानं दोन घोट घेतले आणि तेही बाहेर काढले. भाकरीवर मेंढीचं चीज ठेवलं तर तिनं नाकाला ओढणी लावून तोंड फिरवलं.

रायमेचा हात सुईवर थांबला. तीन बाळंतपणं झालेली बाई ती. सुनेच्या डोळ्यांखालचं काळं तिनं पाहिलं, चीजच्या वासानं फिरलेलं तोंड पाहिलं, आणि मनात आलं, हिला दिवस तर गेले नाहीत? मग तिची नजर शेताकडे गेली. खालची पानं पिवळी पडायला लागली होती, आज उद्यात निघाली नाहीत तर गेलीच. युमेरची पाठ मे महिन्यापासून धरलेली. पोरगा सालीह लाकडाच्या ट्रकवर, आठवडा आठवडा घरी नाही. दोन हात कमी झाले तर हंगाम कसा उरकायचा? विचार आला तसा गेला. खरं म्हणजे तिनं घालवला.

"तंबाखूच," ती म्हणाली आणि सुई चालवायला लागली.

दोन दिवसांनी पिकावर माव्याची कीड पडली. फवारायला युमेर उठला तर पाठीतून कळ येऊन उंबऱ्यावरच बसला. मग पंप शेफिकानं घेतला. रायमेनं स्वतः औषध कालवून तो भरला, पट्टे तिच्या खांद्यावर चढवले, तोंडाला ओलं फडकं बांधलं. टाकी जुनी होती, झाकणातून गळायची. संध्याकाळी शेफिकाचा सदरा पाठीवर ओला होता आणि त्याला उग्र वास येत होता. "धू आणि घाल वाळत," रायमे म्हणाली. 

सप्टेंबर सरता सरता शेवटची माळ मांडवाला चढली. शेतात नुसते खुंट उरले. एक दिवस घेवड्याचं कालवण खाता खाता शेफिका उठून अंगणात पळाली, आणि रायमे सवयीनं बोलून गेली, "काय बाई हे! शेतात पान उरलं नाही आणि हिची तंबाखू काही उतरेना!"

बोलून झालं आणि तिचा घास हातातच राहिला. युमेर तिच्याकडे बघायला लागला. मग हसायलाच लागला. "अगं ए शहाणे! तीन पोरं काढलीस ना तू? का मीच काढली?"

शेफिका दारात ओठ पुसत उभी होती. तिला कळेना काय झालं. "पण माझी पाळी खुड्यात चुकतेच, आई," ती म्हणाली. "मागच्या वर्षी पण चुकली होती. मला वाटलं, थकव्यानं." आणि बोलता बोलता तिचा हात आपोआप पोटावर गेला.

त्या रात्री सालीह घरी आला तेव्हा त्याला सांगताना घरात असा आनंद झाला म्हणून सांगू! युमेर वाकडी पाठ घेऊन माळ्यावर चढला आणि अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा खाली काढला. सालीह म्हणाला, "उद्याच डॉक्टरकडे नेतो हिला."

"काही नको," रायमे म्हणाली. "बसमध्ये सगळं गाव बसलेलं असतं. पोर पोटात हलेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आपली रीत आहे. नजर लागते. तुझ्या वेळी कुठला डॉक्टर होता? जन्मलास ना? वर एवढा बैलोबा झालास."

सालीह हसला. शेफिकाही हसली. रायमेनं तिच्या सदऱ्याला आतून लाल दोरा आणि निळा मणी टाचला, आणि त्या दिवसापासून जड टोपलीला हात लावू दिला नाही. शेजारणीला सांगितलं, सुनेची कंबर धरली आहे. खोटं बोलताना तिला गोड वाटत होतं. सुख तिनं किती वर्षांत असं लपवून खाल्लं नव्हतं.

नोव्हेंबरात पोर हललं. शेफिका मांडवाखाली उभी होती, एकदम "आई गं!" म्हणून पोट धरून खाली बसली आणि हसायला लागली. रायमेनं धुळीचे हात कमरेच्या फडक्याला पुसून तिच्या पोटावर ठेवले. आता सांगायला हरकत नव्हती. आता डॉक्टरकडे जायला हरकत नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर स्तामेनोवा जाडजूड, बडबडी बाई होती. तंबाखू कशी आली, यंदा पाऊस कमीच झाला, असं बोलत बोलत तिनं शेफिकाच्या पोटावर थंडगार जेल लावलं आणि यंत्र फिरवायला लागली. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. मग तिची बडबड थांबली. यंत्र एका जागी नेलं, काढलं, पुन्हा तिथंच नेलं.

"मुलगा की मुलगी?" रायमेनं विचारलं.

"मुलगी," डॉक्टर म्हणाली. आणि जरा वेळानं, "आजी, तुम्ही त्या खुर्चीत बसा."

तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. बाळाच्या डोक्याची वरची कवटी बनलीच नव्हती. मेंदूही पुरता नव्हता. आईच्या पोटात आहे तोवर ते जगेल, हात-पाय हलवेल. बाहेर आलं की जगणार नाही.

"ऑपरेशन करून?" शेफिकानं विचारलं.

"यावर ऑपरेशन नाही, बेटा."

"पण हलतंय ते. आत्ता हलतंय."

"हो," डॉक्टर म्हणाली. "हलतंय."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. नवरा नात्यातला आहे का? ताप आला होता का? फिटच्या, साखरेच्या गोळ्या? जेवण जायचं का? दोन्ही घरांत असं मूल कधी झालं होतं? प्रत्येक वेळी रायमे आधी तोंड उघडायची. नात्यातला? छे, आमच्यात सात पिढ्या बघतात! डॉक्टर म्हणाली, "आजी, मी तिला विचारतेय." रायमे गप्प बसली. असं तिला गावात कुणी गप्प बसवलं नव्हतं.

"शेतात औषध फवारलंत?"

शेफिकानं सासूकडे पाहिलं. 

"फवारलं," रायमे म्हणाली. "जुलैत. पंप हिच्या पाठीवर होता. भरला मी."

"त्यानंच झालं असं मला म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "हजारात एखाद्याला होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. डोकं पहिल्या महिन्यातच जुळायचं असतं, बाईला कळायच्या आधी. फॉलिकच्या गोळ्या दिवस जायच्या आधीपासून घेतल्या तर धोका पुष्कळ कमी होतो. तुम्हाला कधी कळलं?"

"सप्टेंबरात," शेफिका म्हणाली. "त्याआधी आम्हाला वाटलं, तंबाखू लागली."

डॉक्टरनं मान हलवली. त्या भागातलीच होती ती, तिला अर्थ सांगावा लागला नाही. रायमे आपल्या हातांकडे बघत बसली. नखांतला चीक अजून गेला नव्हता.

गावात बातमी लपते थोडीच! दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेतातली शेजारीण समाचाराला आली आणि चुलीशी टेकून म्हणाली, "माळा ओवताना दोरा ओलांडला असेल गं हिनं. पोटुशीनं दोरा ओलांडू नये. का ससा खाल्ला? तोही चालत नाही."

"तिनं काही ओलांडलं नाही!" रायमे अशी कडाडली की शेजारणीच्या हातातला कप हिंदकळला. "तिनं काही खाल्लं नाही. तिनं मी सांगितलं ते केलं. ऊठ, घरी जा!"

आतल्या खोलीत शेफिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं असावं. 

काय करायचं ते तिनं स्वतःच ठरवलं. सालीह तीन दिवस ट्रकला हात न लावता अंगणात बसून होता, रडून डोळे सुजलेले. युमेर मशिदीतल्या होजाला विचारून आला, त्यानं सांगितलं, जो जीव जगणारच नाही त्यासाठी आईला झिजवावं असं कुठं लिहिलेलं नाही, तिच्या मनाचं ऐका. संध्याकाळी शेफिका बाहेर आली. "मी बाजारात जाईन आणि लोक विचारतील, कधीची वेळ आहे," ती म्हणाली. "मी काय सांगू? मला नाही जमणार. न्या मला." बोलताना दोन्ही हात पोटाखाली होते, जड भांडं उचलून धरावं तसे.

प्लोव्दिवच्या मोठ्या इस्पितळात तिला नेलं. तिथंही तपासलं, तेच निघालं. कळा आणायचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोकळी झाली. पोर रडलं नाही. रायमे बाहेर बाकावर होती. नर्स आली, तिला बाजूला घेऊन म्हणाली, "आई बघायचं म्हणते आहे. आजी, डोकं… आधी तुम्ही बघा."

रायमेनं बघितलं. मुठीत मावतील असे पाय, नखांसकट. नाक-हनुवटी सालीहची. आणि कपाळाच्या वर काही नाही.  तिनं आपल्या डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला. परक्या माणसांसमोर, दिवसाउजेडी, ती आयुष्यात कधी उघड्या डोक्यानं उभी राहिली नव्हती. तो रुमाल तिनं पोरीच्या डोक्याभोवती गुंडाळला, कपाळापर्यंत ओढला, टोक हनुवटीखाली खोचलं. मग छातीशी धरून आत नेली.

शेफिकानं पोर घेतलं. खूप वेळ बघत राहिली. "सालीहसारखी आहे," ती म्हणाली. रुमाल तिनं वर केला नाही. "सेहेर म्हणायचं हिला."

इस्पितळात कागद करून, हातापाया पडून त्यांनी पोर घरी आणलं. कबरस्तानात डोंगराकडच्या बाजूला खड्डा खणला. जमीन गोठायला लागली होती, कुदळ टणटण वाजत होती. युमेरला वाकता येईना, तरी पहिली माती त्यानंच टाकली. रुमाल सेहेरबरोबरच गेला. पाळणा पुन्हा माळ्यावर गेला.

हिवाळाभर वाळलेली पानं निवडून गठ्ठे बांधायचं काम चाललं. धुळीनं सगळी शिंकायची. शेफिका समोरच बसायची. कामात कसूर नाही, उलट उत्तर नाही, पण "हो" आणि "नाही" यापलीकडे सासूशी शब्द नाही. आधी खुडा झाला की ती रायमेचे हात आपल्या मांडीवर घेऊन हिरव्या टोमॅटोनं घासायची. तंबाखूचा चीक साबणाला दाद देत नाही, तो हिरव्या टोमॅटोच्या आंबट रसानंच सुटतो, आणि आपला हात आपल्याला नीट घासता येत नाही. म्हणून सून सासूचे घासते, सासू सुनेचे. त्या वेळी दोघी भांडायच्या, हसायच्याही. आता ते गेलं. शिव्या दिल्या असत्या पोरीनं तर रायमेला बरं वाटलं असतं. शिव्यांना तिच्याकडे उत्तर होतं. मुक्या तोंडाला काय उत्तर देणार?

डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. पुन्हा मूल हवं असेल तर आधी निदान तीन महिने घ्यायच्या, एकही दिवस चुकवायची नाही. सालीहला मूल हवं होतं. शेफिकानं गोळी नाकारली नाही, एवढंच. रायमे रोज सकाळी एका हातात गोळी आणि एका हातात पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभी राहायची, आणि गोळी घशाखाली गेल्याशिवाय हलायची नाही. मे महिन्यात रोपं लावली. जूनमध्ये मावा पडला तेव्हा रायमेनं पंप स्वतःच्या पाठीवर घेतला आणि सुनेला दोन दिवस माहेरी पाठवलं.

आणि जुलैत एका पहाटे शेफिका सरीतून उठली, बांधापर्यंत गेली आणि ओकली.

पलीकडच्या शेतात बायकांचे हात थांबले. कुणी हसलं नाही. रायमेच्या काखेतली पानं खाली पडली. ती धावली, सरीत पाय अडखळून गुडघ्यावर आपटली, उठली. "सालीह!" तिनं हाक मारली. "ट्रक काढ! खुडा राहू दे, सगळं राहू दे!"

"आई, पान वाळेल," युमेरच्या जागी आज खुडायला आलेला सालीह म्हणाला.

"जळो ते पान!"

चिकानं काळे झालेले हात तसेच घेऊन तिघं तालुक्याला गेली. वाटेत शेफिका खिडकीतून बाहेर बघत होती. तिचा एक हात पोटावर होता. रायमे ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेत होती. हो म्हण, असं तिच्या मनात येत होतं, आणि लगेच, नको, आत्ता नको, भीती वाटते. तिला धड मागताही येईना.

डॉक्टर स्तामेनोवानं लघवी तपासली, यंत्रही फिरवून बघितलं. रायमे त्या खुर्चीत आधीच जाऊन बसली होती.

"नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "दिवस नाहीत. तंबाखूच लागली आहे."

रायमेनं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं, तरी हुंदका बाहेर आलाच. मोठ्यानं रडली ती, लहान पोरासारखी. शेफिका टेबलावरून उठली, सदरा खाली ओढला आणि म्हणाली, "चला, आई. माणसं बाहेर थांबली आहेत."

घरी आल्यावर सालीह शेताकडे गेला. अंगणातल्या नळाशी दोघीच राहिल्या. शेफिकानं वाफ्यातून दोन हिरवे टोमॅटो तोडून आणले, चाकूनं चिरले. ती पाठमोरीच होती तेव्हा तिनं विचारलं, "मागच्या वर्षी तुम्हाला कळलं होतं का?"

रायमेला खोटं सुचलं. ते जिभेवर आलंही. डॉक्टरच म्हणाली होती, डोकं पहिल्या महिन्यातच जुळायचं असतं, मग जुलैत बोलून तरी काय झालं असतं? पण तेवढ्यात तिला गळकी टाकी दिसली, सुनेच्या पाठीवरचा ओला सदरा दिसला.

"शंका आली होती," ती म्हणाली. "तू चीजवरून तोंड फिरवलंस तेव्हा. पण पान पिवळं पडत होतं. मी बोलले नाही. मग दोन दिवसांनी तो पंप."

नळाचं पाणी दगडावर पडत राहिलं. शेफिकानं चाकू खाली ठेवला. मग आली, समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि सासूचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. अर्धा टोमॅटो त्याच्यावर दाबला आणि घासायला लागली. जोरात, दात आवळून, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, पानांच्या शिरांनी कापलेल्या जागी आंबट रस झोंबत होता तरी घासतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी त्या हातावर पडत होतं. रायमेनं हात मागे घेतला नाही.

"गोळी उद्यापासून माझी मी घेईन," शेफिका म्हणाली. "तुम्ही समोर उभं राहायचं नाही. आणि मला काय झालंय ते मी सांगेन. तुम्ही नाही."

"बरं," रायमे म्हणाली.

हिरवा, काळा फेस पाण्याबरोबर वाहून गेला. खाली कातडी लाल झाली होती.

"दुसरा हात द्या," शेफिका म्हणाली.